शाश्वतता शोधायला आहुप्याला

मयूरीचा प्रोजेक्ट परत आला आणि त्याच संध्याकाळी आमचं घाटमाथ्यावरच्या आहुपे गावाला जायचं ठरलं. माझी ही लेक पुण्याला कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकते, आणि जगाचं पर्यावरण कसं टिकवायचं तेही. वर्गातून एकालाच दिल्लीच्या विद्यार्थी परिषदेला पाठवणार होते. तिनं देवरायांवर लिहिलं, तर सर म्हणाले, "हे सगळं नेटवरचं आहे. लोकांना भेटून आण. सोमवारपर्यंत." त्या दिवशी शुक्रवार होता. रात्रीच्या गाडीनं ती घरी आली.

शनिवारी पहाटे देवापुढं दिवा लावला, भाकरी-ठेचा बांधला आणि पिंपरी पेंढारहून निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव असं गाड्या बदलत जायचं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचं जाणं एकीच्या खर्चात झालं. आहुप्याच्या गाड्या मात्र मोजक्याच. घोडेगावच्या स्टँडवर आधी चौकशी करा, नाहीतर जीप ठरवावी लागते आणि तो खर्च अंगावर येतो. डिंभ्याच्या पुढं धरणाचं पाणी दिसायला लागतं, म्हणून खिडकीची जागा धरा.

आहुप्यात सोनाबाईंच्या घरी उतरलो. मुक्काम आणि दोन वेळचं जेवण, दोघींचे मिळून सहाशे. नाचणीची भाकरी हवी तेवढी.

मयूरीनं ओटीवर बसून वही उघडली. "आजी, शाश्वत विकासाबद्दल गावाचं मत काय?"

"कोण शाश्वत? आमच्यात न्हाई बाई त्या नावाचं कुणी."

आणखी चार घरं फिरलो. सगळीकडे चहा मिळाला, उत्तर कुठंच नाही. एक आजोबा तर म्हणाले, "दरसाली पोरं येत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. तू बी काढ एक." पोर रडकुंडीला आली.

दुपारी सोनाबाई आम्हाला भैरवनाथाच्या देवराईत दर्शनाला घेऊन गेल्या. भर उन्हाचं आत शिरलो तर अंगावर गारवा आला. तोंडानं माझं नाम चालू होतं, हात मात्र सवयीचे. वाटेतल्या वाळक्या काटक्या पिशवीत टाकत निघाले. यांच्याच चुलीला होतील, तेवढाच हातभार.

"ओ पावणं! ठेवा ते खाली!" सोनाबाई ओरडल्या.

"वाळकं आहे हो. पडलेलंच."

"पडलं म्हणून तुमचं झालं व्हय? देवाचं हाय ते. तुमच्या दारात पडल्याली चप्पल न्यायची का आमी?"

शरमेनं मेल्यासारखं झालं. एकेक काटकी जागच्या जागी ठेवली, कान धरले, देवापुढं डोकं टेकलं. मग न राहवून विचारलं, "एवढी राखण करता, ती कुणासाठी हो?"

'राखण' म्हटल्यावर सोनाबाईंनी तिथंच बैठक मारली. "हितलं पानी खाली कोकणात उतरतं. हितं कुऱ्हाड लागली तर तिकडं झरा आटंल. आमच्या लेकी दिल्यात खाली. माजी धाकटी बी तिकडंच. लेकीच्या हंड्यातलं पानी तोडायचं व्हय?"

मयूरीनं माझा दंड घट्ट धरला. "आई, दोन मुलूख, एक पाणी आणि मधे संबंध! अगं, हेच तर शिकतेय मी!"

"मग मघापासून शाश्वत शाश्वत काय लावलं होतंस? राखण म्हण की."

त्याच चार घरी ती 'राखण' घेऊन पुन्हा गेली. फोटूवाले आजोबा तर दिवेलागण झाली तरी बोलायचे थांबेनात. वही भरली.

रविवारी सकाळच्या गाडीनं परतलो. सोमवारी माझा उपास. त्यात फोनकडं डोळे. दुपारी तो वाजला. राखण म्हणजे दोन मुलखांतला करारच, असं तिनं वर्गात मांडलं, तर एकानं विचारलं म्हणे, "या करारावर सही कुणाची?" ही म्हणाली, "सही नाही. लेकी दिल्यात." टाळ्याच टाळ्या. दिल्लीला मयूरीच जाणार!

जाऊन आल्यापासून घरात एक फरक पडलाय. लेकीच्या अभ्यासातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून मी तिच्यापुढं चहा ठेवून बाजूला व्हायचे. आता शेजारी बसते. परवा सुट्टीला आली तेव्हा तिनं दोन देशांतल्या नदीच्या कराराचा धडा मराठीत समजावून सांगितला. मी म्हटलं, "थांब. खालच्या देशाला पाणी पुरलं नाही तर काय, ते कुठं लिहिलंय?"

मयूरीनं पानं मागंपुढं उलटून पाहिली. खरंच नव्हतं लिहिलेलं.