पैठणला अडलेला निरोप

तेर हे गाव आज नकाशात शोधावं लागतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना ते नावानिशी ठाऊक होतं, असं उत्तरेश्वर प्रत्येक सहलीत सांगायचा, आणि सांगताना दर वेळी त्याचे कान लाल व्हायचे. गाव त्याचंच होतं. नावही गावातल्या देवाचंच. लहानपणी पाऊस उघडला की गावामागच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर पोरं मणी वेचायला जायची. काचेचे, शंखाचे, तांबड्या अकिकाचे. त्यातले चार त्याच्या आईने म्हशीच्या गळ्यात ओवले होते. सातवाहनांचा ऐवज घालून ती म्हैस पुढे कितीतरी वर्षं हिंडली.

नव्वदच्या सुमाराला तो इतिहासात एम. ए. करायला पुण्यात आला आणि कसबा पेठेत एका खोलीत तिघांबरोबर राहिला. त्याच वर्षांत देशाची दारं उघडली म्हणतात. तिन्ही सोबत्यांनी कॉम्प्युटरचे कोर्स केले आणि एकेक करून कंपन्यांच्या बसमध्ये चढून गेले. उत्तरेश्वर खोलीवरच राहिला. तासिकेवर शिकवायचा, शिकवण्या घ्यायचा, लोकांची कुरिअर पोचवायचा. चाळिशीला टेकला तेव्हा सत्यशीलाबाईंनी त्याला बोलावलं. त्यांचं सहलींचं लहानसं कार्यालय होतं. आयटीतल्या मंडळींकडे आता शनिवार-रविवार आले होते, पैसा आला होता, आणि आपण कुठून आलो हे पाहण्याची हौसही. एका वेळी बाराच माणसं घ्यायची आणि जुन्नर, नाणेघाट, पैठण, तेर अशी जुनी व्यापारी वाट दाखवायची, असं ठरलं.

या कामात तो खरोखर उजळला. आवाज कधी चढवायचा नाही. कोण कुठली गोळी कधी घेतं, कोणाला पायऱ्या जमत नाहीत, कोण रुसून मागे राहिलंय, हे त्याला न सांगता कळायचं. शिक्षकाच्या नोकरीने त्याला घेतलं नाही, पण शिक्षकाचा जीव त्याच्यात होता. माणसाला लागेल असं काही बोलायची वेळ आली की मात्र तो ते पुढे ढकलायचा. त्यामागे त्याची एक जुनी समजूत होती.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी थोरल्या भावाचा, सीतारामचा, शेजारच्या दुकानात फोन आला होता. "आबा जरा आजारी हायेत, ये." उत्तरेश्वरने मंडईतून मोसंबी घेतली आणि एसटीत बसला. गाडीत डुलकी लागली, बार्शीला उतरून त्याने भजी खाल्ली. घराच्या दारात बायका बसलेल्या दिसल्या आणि वडील गेल्याचं कळलं तेव्हा मोसंबीची पिशवी हातात होती. सीताराम म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर रस्ताभर रडला असतास. दोन घास तरी पोटात गेले." उत्तरेश्वरला ते पटलं. आपल्यावर कोणी तरी माया केली, असंच तो पुढे धरून चालला.

२००८च्या जानेवारीतल्या सहलीत कुसुमताई आल्या. विमा कार्यालयातून निवृत्त झालेल्या, कसबा पेठेतल्याच, उत्तरेश्वरच्या जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. यजमान अनंतराव तीन वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगवायू. या तीन वर्षांत बाई मंडईच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. मुलगा पुष्कर हिंजवडीला कामाला. त्यानेच वडिलांजवळ दिवसरात्र वेणूबाई म्हणून एक बाई ठेवली आणि आईला जवळजवळ ढकलून गाडीत बसवलं.

पहिल्या दिवशी नाणेघाटात उत्तरेश्वरने तो दगडी रांजण दाखवला. जकात यात टाकत असत, असं म्हणतात.

"म्हणजे टोल नाका," अभिनव म्हणाला. तो आणि त्याची बायको सृष्टी, दोघंही सॉफ्टवेअरमधली.

"हो ना," कुसुमताई म्हणाल्या. "आणि टोल भरूनही रस्ता हा असा. आपल्यात काही बदललेलं नाही बघा."

सगळे हसले. बाई स्वतः हसल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत सृष्टी त्यांना चिकटली ती चिकटलीच. रात्री त्यांनी घरी फोन केला. वेणूबाईने फोन अनंतरावांच्या कानाशी धरला. ते नुसतं "हं" म्हणाले. "एवढं पुष्कळ," असं म्हणून बाई झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणला, गोदावरीच्या घाटावर, उत्तरेश्वरचा मोबाइल वाजला. पुष्करचा आवाज ओळखू येईना.

"सर, बाबा गेले. पहाटे, झोपेतच. आईला एकदम सांगू नका. ती शुगरची पेशंट आहे. काही तरी खायला घाला, मग बाबा सिरियस आहेत एवढंच सांगा आणि घेऊन या. आम्ही थांबतो."

उत्तरेश्वर पायऱ्या चढून वर आला. कुसुमताई कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"कोणाचा फोन होता?"

"ऑफिसचा."

"घरचा नव्हता ना?"

"नाही, नाही. सत्यशीलाबाईंचा."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवून त्या नदीकडे वळल्या. हा माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांनी कालच्या एका दिवसात ठरवलेलं होतं.

त्याने गावातली एक जीप ठरवली. जीपवाला सोनबा अर्ध्या तासात खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच क्षणी निघायचं, हाताला एखादं केळं, बिस्किटाचा पुडा द्यायचा, वाटेत सांगायचं, एवढंच खरं तर करायचं होतं. पण खानावळीत बारा माणसांचा स्वयंपाक सांगितलेला होता. उत्तरेश्वरने मालकाला पानं लवकर वाढायला सांगितली. आज ही बाई घरी पोचली की तिच्या घरात चूल पेटणार नाही. उद्याही धड नाही. चार घास नीट जाऊ देत, असं त्याच्या मनात होतं. लवकर म्हणता म्हणता भाजी चिरण्यापासून सुरुवात होती.

सृष्टीने त्याला जिन्याखाली गाठलं. घाटावरचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं.

"सर, काकूंना सांगायला हवं. दॅट्स नॉट फेअर. त्यांचे मिस्टर आहेत ते."

"सांगणार आहे. जेवण होऊ दे."

"जेवण इम्पॉर्टंट आहे का आत्ता?"

"तुम्ही लहान आहात अजून," उत्तरेश्वर म्हणाला. असं तो कोणाला कधी म्हणत नसे. सृष्टी आत गेली आणि कुसुमताईंच्या शेजारी बसली. तिच्याने पोळी तोडवेना.

"काय गं, भाजी आवडली नाही? आयटीत अशी मिळत नसेल," कुसुमताई म्हणाल्या. मग समोर पाहून, "उत्तरेश्वर, तुम्ही नाही बसलात?"

"मी मागून बसतो, ताई."

पानं अर्धी झाली असताना पुष्करचा पुन्हा फोन आला. उत्तरेश्वर बाहेर गेला.

"सर, कुठपर्यंत आलात? आप्पासाहेब काका म्हणतायत, चारला पंचक लागतंय. त्याच्या आत न्यायला हवं. मी सांगून पाहिलं, ऐकत नाहीत कोणी. तुम्ही निघालात ना?"

उत्तरेश्वरने खिडकीतून आत पाहिलं. कुसुमताई वरण-भात कालवत होत्या. तीन वर्षं त्या दुसऱ्याला भरवून मग उभ्याउभ्या जेवलेल्या. कोणी वाढलंय आणि आपण बसून जेवतोय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे उत्तरेश्वरला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. पंचकाआधीचे किती तास उरलेत हेही त्याला कळत होतं.

"निघालोच," तो म्हणाला.

ताक-भात झाला. त्यांनी हात धुतले, मुठीत बडीशेप घेतली, तेव्हा त्याने सांगितलं. "ताई, पुष्करचा फोन होता. अनंतरावांची तब्येत जरा बिघडली आहे. आपण निघू या."

"जरा म्हणजे?"

"जरा."

बाई वळल्या. पर्स घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या.

सोनबाला उत्तरेश्वरने जे बाईंना सांगितलं होतं तेच सांगितलं होतं. घरी पेशंट आहे, जरा बरं नाही. म्हणून सोनबा जरा बरं नसलेल्या पेशंटाकडे जावं तशी गाडी चालवत होता. शेवगावला त्याने डिझेल भरलं आणि ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलला. बाईंनी घरी लावायला म्हणून फोन मागितला तेव्हा उत्तरेश्वर "रेंज नाही" म्हणाला. नगरच्या अलीकडे सोनबा चहाला थांबला. बाई गाडीतच राहिल्या. उत्तरेश्वर टपरीपाशी त्याच्या मागे गेला आणि हलक्या आवाजात खरं काय ते बोलला.

सोनबाने कप तसाच खाली ठेवला. "गेल्यात? आन तुमी मला आत्ता सांगताय व्हय?"

"बाईंना माहीत नाही अजून."

"बाईंचं ऱ्हाऊ द्या. मला सांगायचं की सायब. गाडी माझ्या हातात हाय. 'जरा' म्हणालात म्हणून मी जरा चालवतोय."

त्यानंतर त्याने गाडी अशी हाणली की शिरूर कधी गेलं कळलं नाही. पण वाघोलीच्या पुढे ट्रकांची रांग लागली. नगर रस्त्यावर नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, निम्मा रस्ता खडीने अडवलेला. बाई मागून एकदाच बोलल्या. "उत्तरेश्वर, मला तुम्ही काही सांगायचं राहिलंय का?"

"घरी पोचू या, ताई."

बाईंनी पदर ओढून घेतला. तेव्हाच त्यांना कळलं असावं.

गल्लीत जीप जात नव्हती. तोंडाशी उतरून चालत निघाले. शेजारचा शिंपी दुकानातून उठून उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. वर घराचं दार सताड उघडं होतं. जमीन धुतलेली, अजून ओली. अनंतरावांची खाट भिंतीशी उभी केलेली, आणि ती असायची तिथे, जमिनीवर, एक दिवा. वेणूबाई कोपऱ्यातून पुढे आली आणि रडायला लागली. "मगाशीच नेलं हो, बाई. पुष्करदादा थांबा थांबा म्हणत होते. तुमचीच वाट बघितली."

कुसुमताई दिव्याजवळ खाली बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी उत्तरेश्वरला जवळ बोलावलं.

"घाटावर फोन आला तो पुष्करचा होता."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो, ताई."

"तेव्हाच निघालो असतो तर?"

त्याला वाटलं आता तरी काही तरी बरं बोलावं. पण दिवसभरात बोलला होता ते पुरे झालं होतं.

"पोचलो असतो. नेण्याच्या तासभर आधी."

बाईंनी मान हलवली. पाणी असं डोळ्यांत आलंच नाही. "जेवायला घाला, असं पुष्कर म्हणाला असेल."

"काही तरी खायला घाला म्हणाला होता. पानावर मी बसवलं."

"तो फरक त्याला कळायचा नाही. आपण म्हणालो म्हणून आईला बाबा दिसले नाहीत, एवढंच घेऊन बसेल. हळवा आहे तो." त्या थांबल्या. "त्याला सांगा, वाटेत गाडी बिघडली. आणि हे पुन्हा कुठे बोलू नका."

"ताई, मी..."

"एवढं करा. सकाळी केलंतच की."

थोड्या वेळाने वैकुंठ स्मशानभूमीतून मंडळी परत आली. पुष्करचे केस ओले होते. त्याने आईला पाहिलं आणि दारातच बसला. "सर, इतका उशीर कसा झाला? मी शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं सगळ्यांना."

कुसुमताई दिव्याकडे बघत होत्या.

"टायर फुटलं," उत्तरेश्वर म्हणाला.

"भाड्याच्या गाड्या," आप्पासाहेब मागून म्हणाले. "टायर गुळगुळीत झाल्याखेरीज बदलतात कशाला हे लोक."

सोनबा बाईंची बॅग घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. दसऱ्याला त्याने चारही टायर नवे घातले होते. त्याने बॅग आत ठेवली, बाईंना लांबूनच नमस्कार केला आणि उतरला. खाली गल्लीत उत्तरेश्वर त्याच्यामागे गेला.

"असू द्या सायब," सोनबा म्हणाला. "गाडीवाल्यावर ढकललं की घरात भांडान ऱ्हात न्हाई. पर सकाळी बाईंचं नुकसान केलंत, आत्ता माझं. आता बास करा."

उरलेल्या मंडळींना दुसऱ्या दिवशी तेर सीतारामनेच दाखवलं म्हणतात. उत्तरेश्वरने पुढे सहल नेली नाही. सत्यशीलाबाईंनी दोनदा माणूस पाठवला, मग नाद सोडला. पुढे त्याला हिंजवडीतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या गाड्या सोडण्याचं काम मिळालं. कुठली गाडी कुठे, कोणाला कुठून घ्यायचं. गाडीला उशीर असला की तो तसं ताबडतोब कळवायचा, कितीही शिव्या बसल्या तरी.

तीनेक वर्षांनी कँटीनमध्ये पुष्कर भेटला. त्याने ओळखलं, हात धरला, बरोबरच्या मित्राला ओढून आणलं.

"हे ते सर. बाबा गेले तेव्हा आईला पैठणहून यांनीच आणलं. त्या टायरने घात केला, नाही तर आई पोचली असती. यांचा काही दोष नाही." आणि मग उत्तरेश्वरकडे वळून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "आई नंतर तीन दिवस जेवली नव्हती, सर. निदान तुम्ही तिला पोटभर जेवू घातलंत. ते मी विसरणार नाही."

"आई कशा आहेत?" उत्तरेश्वरने विचारलं.

"बरी आहे. कमी बोलते."

उत्तरेश्वरने मान हलवली. पुष्करने त्याच्यासाठीही ताट मागवलं होतं. ते येईपर्यंत उत्तरेश्वर त्याच्या समोर बसून राहिला.