न वाचता केलेली सही

दादा अकरा वर्षं आखातात एसी मेकॅनिक होता. तो कायमचा परत आला तेव्हा आम्ही बुवापाड्यातलं घर रंगवून घेतलं. आता हा मोकळा झाला, असं आम्हाला वाटत होतं. पण बातम्या बघता बघता बाबांनी सरकारला शिव्या घालायला सुरुवात केली, की दादा उठून खिडकी लावायचा. बाबा कारखान्यातले जुने युनियनवाले. त्यांना हे समजेना.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड यायला लागलं. मी नगरपालिकेसाठी अर्ज लिहिला आणि घरोघरी सह्या घ्यायला सुरुवात केली. जेवताना दादासमोर कागद ठेवला तर त्याने हात मागे घेतला.

"माझी नको."

"पाण्याचा अर्ज आहे, दादा," मी म्हणाले. "तुला कोण काय करणार आहे?"

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. बाबा म्हणाले, "आपल्या घरात एवढा घाबरट कोणी नव्हता." दादा ताट तसंच ठेवून उठला.

रविवारी मी त्याला शिवमंदिराकडे नेलं. देवळामागे वालधुनी नदीच्या बाजूला जरा शांत असतं. तिथे बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

तिकडे एका खोलीत ते बारा जण राहायचे. त्यांच्यातल्या केरळच्या प्लंबरशी दादाची गट्टी होती. त्याने एकदा खोलीतल्या सगळ्यांना मोबाइलवर तिथल्या राजाची नक्कल करणारा व्हिडिओ पाठवला. सगळे हसले. चार दिवसांनी पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. मग बाकीच्यांना एकेक करून बोलावलं. दादापुढे अरबीत लिहिलेला कागद ठेवला आणि सही कर म्हणाले.

"मी विचारलंसुद्धा नाही, काय लिहिलंय म्हणून," दादा म्हणाला. "खोलीत परत आलो, तर कोणी कोणाशी बोलेना. चुगली आपल्यातल्याच कोणीतरी केली असणार ना. पोलीस परत कधी आले नाहीत. यायची गरजच नव्हती."

"मग तू तेव्हाच का नाही आलास परत?"

"पगार वेळेवर मिळायचा. दवाखाना फुकट. राजाच्या वाढदिवसाला बिर्याणी वाटायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो," तो म्हणाला. "त्या प्लंबरच्या चपला दाराशी तशाच होत्या, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो."

त्या माणसाच्या घरचा नंबर दादाकडे इतकी वर्षं होता. पण लावायची हिंमत झाली नव्हती. "त्याच्या बायकोने विचारलं तर काय सांगू?"

मला कसा धीर आला माहीत नाही, पण मी त्याच्याकडून फोन घेतला आणि नंबर लावला. एका बाईने उचलला. माझं हिंदी तिला समजेना, तिचं मल्याळम मला. मी दादाचं नाव सांगितलं. मग फोनवर एका पुरुषाचा आवाज आला. तोच होता. दोन वर्षं तुरुंगात काढून घरी आलेला, आता रिक्षा चालवत होता.

दादाने फोन कानाला लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "भाई, मैंने साइन किया था. पढ़ा नहीं था."

पलीकडून तो जे म्हणाला, ते शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं, "मैंने भी किया. तुम सबके नाम थे उसमें. मैं रोज़ सोचता था, किस-किसको उठाया होगा."

दादा रडला. मी त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी उठून थोडी लांब जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ते दोघं कोणत्या तरी बिघडलेल्या कॉम्प्रेसरबद्दल बोलत होते. दादाचा आवाज मोठा झाला होता. बाजूने जाणारी माणसं वळून बघत होती, आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.