खुर्चीचा नंबर

बाइंडरचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटात तेवढं होतं. एरवी सगळे त्याला बाइंडरच म्हणत, सख्ख्या बहिणीचा नवराही त्यातलाच. छत्तीस वर्षं त्यानं पुस्तकं बांधली. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, ते क्रमानं एकावर एक रचायचे, टाके घालायचे, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा चढवायचा. टाके घालायला चार महिन्यांत कुणीही शिकतं. खरी मेख क्रमात असते. एक फर्मा मागेपुढे झाला की सोळाव्या पानानंतर एकदम तेहेतिसावं येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं लेखकाचंच डोकं फिरलं. 'छत्तीस वर्षांत माझा एक फर्मा चुकला नाही,' असं बाइंडर येताजाता सांगायचा. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण बोलायला जागा नव्हती, कारण ते खरं होतं.

बहिणीचा नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता, म्हणून तो लिफ्टवाला. नातं नंतरचं, दोस्ती आधीची. दोघं एका गल्लीत वाढले, एका बाकावर बसले आणि सोळाव्या वर्षी एकाच बँडच्या नादी लागले. चौघांचा रॉक बँड, सात अल्बम, आणि मग चौघांची तोंडं चार दिशांना. अल्बमची नावं लांबलचक होती. हे दोघं कव्हरवरच्या चित्रावरून बोलायचे. शिडी, धूर, दोन कुत्री, पिवळा, पूल, आरसा आणि खुर्ची. खुर्चीच्या कव्हरवर रिकाम्या खोलीत एक लाकडी खुर्ची होती, बाकी काही नाही.

सातांत पहिला कोण, यावर आधी नुसती तोंडातोंडी चालायची. मग बाइंडरनं उरलेल्या कोऱ्या कागदांची एक वही बांधली, पाठीला कापड लावून, चांगली जाडजूड. दर वर्षी एका रविवारी दोघांनी बसायचं. डाव्या पानावर बाइंडरनं सात नंबर लिहायचे, उजव्या पानावर लिफ्टवाल्यानं. ज्या वर्षी दोन्ही पानं जुळतील त्या वर्षी वही बंद. नियम एकच होता आणि तो पहिल्याच पानावर दोघांच्या सह्यांनिशी लिहिलेला होता: दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून नंबर बदलायचा नाही.

बायका असल्या नियमाला हसतात आणि बरोबरच हसतात. पण या दोन बाप्यांनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. आरशात नऊ मिनिटं नुसता ड्रम वाजतो, त्याला वर ठेवायचा की खाली, यावरून दोघं एकदा दोन महिने बोलत नव्हते, आणि निरोपांची ने-आण बहिणीनं केली होती. हळूहळू वय झालं, पीळ सैल पडला. शिडीच्या मागे धूर, धुराच्या मागे पूल, असं करत बाकी सहांचा क्रम जमत आला. अडलं होतं ते एका खुर्चीपाशी. लिफ्टवाल्याच्या पानावर खुर्ची कायम पहिली, बाइंडरच्या पानावर कायम सातवी.

त्याचं कारण बाइंडरनं कधी लपवलं नव्हतं. खुर्चीतल्या शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं एकेक करून थांबतात. मग गाणारा एकटाच विचारतो, 'आहेस का?' थोडं थांबून पुन्हा विचारतो, 'आहेस का?' आणि खट्. टेपचं बटण वर येतं, अल्बम संपतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाइंडरला ते आवडलंही होतं. पुढे त्याची बायको आजारी पडली. अकरा दिवस तो इस्पितळात तिच्या खाटेशी बसून होता, जागचा हलला नाही. बाराव्या दिवशी औषधाची चिठ्ठी घेऊन तो खाली गेला, रांगेत उभा राहिला आणि वर आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं त्याला सांगितलं, 'दोनदा हाक मारली हो तिनं. आहात का, म्हणून.' म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून बाइंडरनं खुर्चीची कॅसेट लावली नाही. माणसाला दोनदा विचारायला लावून निघून जाणारा अल्बम तो पहिला कसा ठेवणार होता?

"उत्तरच नाही रे त्यात," तो लिफ्टवाल्याला म्हणायचा. "निर्दयपणा आहे तो."

लिफ्टवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, ते आमच्या कामातलं गाणं आहे," तो सांगायचा. "एक जण वर मशीनपाशी, एक जण खाली खड्ड्यात. एकमेकांना दिसत नाही. वीज सोडायच्या आधी वरच्यानं ओरडायचं, आहेस का? खालून 'आहे, बाजूला आहे' असं आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. ते आलं, की मग निवांत सोडायचं."

"तेच म्हणतोय मी. तुमच्यात उत्तर येतं. इथे उत्तर येण्याआधीच संपलं."

"संपलंय कुठे?" लिफ्टवाला म्हणायचा. "पुन्हा ऐक."

बाइंडरला वाटायचं, मेव्हणा समजूत काढतोय, माणूस जातो पण संपत नाही वगैरे. असल्या बोलण्याचा त्याला तिटकारा होता. तो विषय बदलायचा, आणि सातवा नंबर जिथल्या तिथे राहायचा. अशी सव्वीस वर्षं गेली.

मग लिफ्टवाल्याच्या फुप्फुसांनी संप पुकारला. डॉक्टरांनी आडवळणानं न बोलता सांगितलं की आता घरी न्या, आवडेल ते करू द्या. बहिणीनं बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग हलवला. शेजारी एक टेबल, त्यावर औषधं, पाण्याचं भांडं आणि वही. बाइंडर रोज कामावरून सुटला की तिथे यायचा. लिफ्टवाल्याला दोन वाक्यांच्या मध्ये श्वास गोळा करावा लागत होता, तरी तो वहीकडे बोट दाखवायचा.

त्यानं त्या वर्षीचं उजवं पान लिहून टाकलं होतं. अक्षर वेडंवाकडं, पण नंबर तेच. डावं पान कोरं होतं.

बहिणीनं बाइंडरला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, लिहून टाक ना एकदाचं. खुर्ची पहिली. काय जातंय तुझं?"

"खोटं होईल ते."

"होऊ दे की खोटं! तो चाललाय, दादा. त्याला वही बंद झालेली बघायचीय. सात अल्बमांची यादी ती, काय कोर्टात साक्ष द्यायचीय तुला?"

बहीण भांडी आपटू लागली. "सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही तुझा," ती म्हणाली, आणि मग तिलाच रडू फुटलं. बाइंडरला तिचं पटत होतं. आपण हट्टी आहोत, दगड आहोत, हेही पटत होतं. पण लिफ्टवाला काही खुळा नव्हता. दयेचा एक नंबर त्यानं लगेच ओळखला असता, आणि सव्वीस वर्षांची सगळी पानं त्या एका पानानं खोटी पडली असती. मेव्हण्याला आयुष्यभर खरं बोलून शेवटी फसवायचं, हे बाइंडरला जमणारं नव्हतं.

तो बाहेर येऊन पलंगाशी बसला. लिफ्टवाल्यानं सगळं ऐकलं होतं. भिंती काय, कागदाच्याच.

"नको लिहूस," तो म्हणाला. श्वास घेतला. "खोटं नको. पण एकदा... ऐक. माझ्याबरोबर."

सव्वीस वर्षं त्यानं ते दोन शब्द टाळले होते. पण समोरचा माणूस काही मागण्याच्या पलीकडे चालला होता आणि मागून मागून एवढंच मागत होता. "ऐकू," बाइंडर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी भाची आली, लिफ्टवाल्याची लेक. तिनं आपला फोन एका छोट्या स्पीकरला जोडला आणि खुर्ची लावली. दोन गाणी होतात न होतात तोच बाइंडर खवळला.

"गाणी उलटी लावलीस तू. हे दुसऱ्या बाजूचं आहे."

"मी काहीच लावलं नाही, मामा. क्रमानं आपोआप वाजतात ती."

"मग तुझा फोन चुकीचा आहे. या अल्बमची सुरुवात ड्रमनं होते. मला सांगतेस?"

पलंगावरून लिफ्टवाल्यानं हात वर केला. गप्प बस, असा. पाचवं गाणं आलं. वाद्यं एकेक करून थांबली. बाइंडरनं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, थंडीत घेतात तसे. 'आहेस का?' गाणाऱ्यानं विचारलं. मग थोडी शांतता. 'आहेस का?'

बाइंडर बटणाच्या खट् आवाजाची वाट बघत होता. तो आलाच नाही. दोन श्वास जातील एवढा वेळ गेला आणि ड्रम सुरू झाला, तोच ड्रम, जो त्याच्या लेखी अल्बमची सुरुवात होता. त्यावर उरलेले तिघं एका आवाजात गायला लागले, 'आहे, इथेच आहे.' हे शब्द बाइंडरला तोंडपाठ होते. उगाच फुशारकी मारणारं गाणं, असं तो त्याला म्हणत आला होता. ते कुणाला तरी दिलेलं उत्तर आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"बंद कर," तो भाचीला म्हणाला.

तो उठून चालत आपल्या खोलीवर गेला, चार गल्ल्या पलीकडे. ट्रंकेतून खुर्चीची कॅसेट काढली आणि परत आला. सोळा-सतरा वर्षांचे असताना लिफ्टवाल्यानं आपल्या कॅसेटवरून त्याला ती भरून दिली होती. लिफ्टवाल्याची छापील कॅसेट भाचीनं कपाटातून शोधून काढली. बाइंडरनं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. त्याच्या कॅसेटवर कागदाची दोन लेबलं होती, कडा नीट कापलेल्या, सरस एकसारखा पसरलेला, एकही सुरकुती नाही. एकावर पहिली बाजू, एकावर दुसरी. बहिणीचा जुना टेप अजून चालू होता. लेबलावरची पहिली बाजू त्यानं लावली, आणि ड्रम सुरू झाला.

लेबलांची अदलाबदल झाली होती: दुसऱ्या बाजूवर पहिलीचं, पहिलीवर दुसरीचं, म्हणून उत्तर आधी वाजायचं आणि प्रश्न शेवटी. भरून लिफ्टवाल्यानं दिली होती, पण लेबलं त्याची स्वतःची. तेव्हा तो नुकताच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता, आणि हाताला आलेली सफाई दाखवायला त्यानंच ती हौसेनं कापून लावली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाच्या पुस्तकांचे फर्मे लावणाऱ्यानं आपला एकच फर्मा उलटा लावला होता आणि जन्मभर त्यातलं मधलं पान शेवटचं समजून दुःख करत बसला होता.

त्यानं लिफ्टवाल्याला ते सांगितलं. एका दमात सांगितलं, लेबलांसकट. लिफ्टवाला छताकडे बघत ऐकत होता. त्याची छाती हलायला लागली. बहीण घाबरून पुढे आली, पण तो हसत होता.

"फर्मा," तो म्हणाला. श्वास. "चुकला म्हण."

"चुकला," बाइंडर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "छत्तीस वर्षांत एक चुकला, लिफ्ट्या."

"म्हणून म्हणायचो... संपलंय कुठे."

बाइंडरनं वही उघडली आणि डाव्या पानावर लिहिलं: एक, खुर्ची. मग शिडी, मग धूर. सातही नंबर लिहून त्यानं वही लिफ्टवाल्याच्या डोळ्यांसमोर धरली. लिफ्टवाल्यानं डावं पान वाचलं, मग उजवं, मग पुन्हा डावं. बाइंडर कुठे मायेनं चुकलाय का, ते तपासत होता लेकाचा. मग त्यानं मान हलवली. बाइंडरनं वही मिटली.

बायकोला उत्तर मिळालं नव्हतं ते नव्हतंच. ते काही कुठली कॅसेट उलटवून मिळणार नव्हतं, एवढं बाइंडरला कळत होतं. पण तो त्या दिवशी घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी कामावरही गेला नाही. पाणी प्यायला उठला तरी बहिणीला पलंगाशी बसवून उठायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बहीण आत चहा करत होती. लिफ्टवाल्याचे डोळे मिटलेले होते. श्वास लांब लांब जात होता, मध्येच थांबत होता. बाइंडरनं त्याचा हात धरला होता, तरी तो त्याला जाणवत होता की नाही कुणास ठाऊक. वरून खाली दिसत नाही म्हणतात, तसंच असेल.

"आहेस का?" लिफ्टवाला म्हणाला. डोळे न उघडता, अगदी बारीक आवाजात.

"आहे!" बाइंडर ओरडला. इतक्या मोठ्यानं की आत बहिणीच्या हातातलं भांडं पडलं. "आहे, लिफ्ट्या. बाजूला आहे."

लिफ्टवाल्यानं मान किंचित हलवली. मग त्यानं निवांत सोडून दिलं.