चौदा हजारांचा तास

विमान शिकायला तासाचे पैसे मोजावे लागतात. त्यावर घरच्यांचं ऐकायला मात्र एक पैसाही पडत नाही. त्यामुळे माझ्याकडे उड्डाणाचे तास जमलेत वीस आणि किस्से त्याहून कितीतरी जास्त! एखादा सांगायला घेतला की मैत्रिणी म्हणतात, "हे तू बनवून सांगतेस." बनवायला वेळ कुणाकडे आहे? रोज सकाळी रेवसहून लाँच पकडून करंजाला उतरायचं, उरणच्या कंटेनर यार्डात दिवसभर कागद रंगवायचे आणि सुट्टीत घाट चढून विमान शिकायला जायचं, असं माझं आयुष्य आहे.

*

घरात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आत्या वाल सोलत बसली होती. आत्या म्हणजे बाबांची बहीण. आमच्या घरातला कुठलाही निर्णय तिच्या हाताखालून जातो.

"विमानाचा कोर्स? चांगलं हाय की! पगार किती चालू होईल?"

"पगार नाही आत्या. हौस म्हणून शिकतेय. छोटं विमान, दोन माणसांचं."

"बरं. मग ते किती देतात?"

"ते नाही देत. मी देते. तासाला चौदा हजार."

आत्याने हातातला वाल टोपात टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ बाबांना म्हणाली, "दादूस, पोरीला कोनीतरी फसवलंय. पोलिसांत जा."

*

त्यानंतर मला समजवायला मधुकाकांना बोलावलं. मधुकाकांकडे शर्यतीचे बैल आहेत. किनाऱ्यावर पळवायचे, खास जोपासलेले. काका अंगणात बैलाला बदाम भरवत होते आणि मला काटकसर शिकवत होते!

"एका तासात चौदा हजार संपतात? असली कसली हौस?"

मी विचारलं, "काका, बैल कितीला घेतला?"

"साडेचार लाखाला." हे सांगताना छाती फुगली.

"आणि शर्यत किती वेळ चालते?"

"चालते... मिनिटभर."

 काकांनाही हिशेब कळला असावा, कारण ते जरा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग एकदम उजळले.

"पण शर्यत झाल्यावर बैल घरी येतो!"

"मीसुद्धा येते."

"तू येतेस गं. विमान येतं का?"

*

आता खरी अडचण सांगते. माझी एक एफडी आहे. नोकरी लागल्यापासून माझ्याच पगारातून दर महिन्याला पैसे जातात, त्यातून केलेली. माझ्या लग्नासाठी! खातं माझ्या आणि बाबांच्या नावावर, त्यामुळे मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. लायसन्सला चाळीस तास हवेत. माझे एकोणीस झाले आणि हातातले पैसे संपत आले. मध्ये मोठा खंड पडला, तर बसलेला हात जातो आणि शिकलेलंच पुन्हा पैसे भरून शिकावं लागतं. म्हणजे सही झाली नाही, तर एकोणीस तास पाण्यात.

आत्याने त्या एफडीची वाटणी केव्हाच करून ठेवलीय. आमच्याकडे हळद म्हणजे लहानसं काम नव्हे. अख्खं गाव जेवतं. मी परत आले की ती दारातच विचारते, "आज किती उडालीस?"

"दीड तास."

"म्हंजे मंडप गेला."

पुढच्या वेळी दोन तास झाले, तेव्हा ब्रास बँड गेला. एकदा खराब हवेमुळे अर्धाच तास झाला. आत्या खूश! "आज नुसती फुलं गेली."

*

बाबा तिच्यासारखे बोलत नाहीत, फक्त सही करत नाहीत. रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर ते सारंग होते. सुकाणू आयुष्यभर त्यांच्या हातात, म्हणून त्यांना तरी कळेल असं मला वाटलं होतं.

एके दिवशी मी वैतागून घरी आले. विमानाचं मीटर इंजिनाबरोबर सुरू होतं, उडण्याबरोबर नाही. त्या दिवशी रनवेवर एक कुत्रं येऊन बसलं आणि हलेना. बारा मिनिटं आम्ही जमिनीवर, इंजिन चालू. कुत्र्याचे अठ्ठावीसशे रुपये!

"मग इंजिन बंद करायचं," बाबा म्हणाले.

त्यांचं खरंच होतं. पण बाबांच्या डोक्यात इंजिन बंद करणं हा एकच इलाज असतो. धक्का जवळ आला की ते लांबूनच इंजिन बंद करायला लावायचे आणि लाँच आपल्या अंगच्या वेगाने अलगद येऊन लागायची. तेवढंच डिझेल वाचायचं. मी लहानपणी त्यांच्या पायाशी बसून ते बघायचे. "आधी वारा बघ, मग धक्का बघ," एवढंच ते सांगायचे.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आणि उतरताना? तवापन चालूच ठेवता?"

"हो बाबा."

"कशाला? खालीच यायचंय ना!"

*

मध्येच पेणहून एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, पण बोलत होते त्याचे वडील.

"छंद काय?"

"विमान चालवते."

ते हसले. कुणीच हसत नाही असं बघून थांबले. मग गंभीर होऊन म्हणाले, "लग्नानंतर बंद करणार ना?"

"हवेत असताना करू, की उतरल्यावर केलं तर चालेल?"

स्थळ चहा पिऊन गेलं. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले. पण बाबांकडे एफडी मोडायचा फॉर्म नेला, तर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"उद्या लग्न ठरलं तर?"

"कुणाशी?"

"ते ठरल्यावर कळेल."

अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

*

विसाव्या तासाला मी शेवटचे पैसे भरले. त्या दिवशी मला शिकवणाऱ्या कॅप्टनने हवेत असताना, काही न सांगता, थ्रॉटलचा दांडा पूर्ण मागे ओढला. इंजिनाचा आवाज एकदम बसला.

"समज, इंजिन गेलं. आता काय करशील?"

खाली वीटभट्टीचा धूर पूर्वेकडे वाकलेला दिसला. आधी वारा बघितला, मग धावपट्टी बघितली. एक लांब वळण घेतलं आणि उसाच्या शेतांवरून विमान खाली सोडत आणलं. चाकं टेकली ते कॅप्टनलाही जरा उशिरा कळलं असावं. म्हणाला, "हे कुणी शिकवलं? मी तर नाही."

मी तिथूनच बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.  पहिला प्रश्न आला, "किती लांबून?"

"दोन-अडीच किलोमीटर असेल. पण पूर्ण बंद नव्हतं बाबा, अगदी मंद..."

"तेवढ्या वेळाचे पैसे कमी लावले?"

"नाही. पूर्ण घेतले."

"चोर हायत," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी मी कामावर जायला निघाले, तर बाबा अंगणात तयार. लाँचवर घालायचे तो पांढरा शर्ट, खिशात चष्मा आणि पेन. "बँकेत चल," एवढंच बोलले. बँक उघडायच्या आधी आम्ही दारात होतो.

मॅनेजर ओळखीचे. एफडीची पावती बघून हसले. "मुदतीआधी मोडताय? काका, लग्न ठरलं वाटतं पोरीचं!"

"न्हाय," बाबा सही करत म्हणाले. "ती इंजिन बंद करून उतरते."

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग फॉर्मकडे.

"काका, इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"सांगितलं ना आता," बाबा पेनाला टोपण लावत म्हणाले. "तेच लिवा."