मोराला पावडर कोणी दिली?

जखमी पाखरू हातात आलं की मामा आधी खांद्यावरचा गमजा त्याच्या डोळ्यांवर टाकायचे. घार असो नाहीतर बगळा, फडफड तिथंच थांबायची. "दिसंना झालं की भ्या जातं, म्याडम," असं म्हणून ते मला पंख दाखवायचे.

मी जनावरांची डॉक्टर. बीडजवळ पालीला धरणाच्या अंगाला मामांचं, म्हणजे सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं त्यांचं, कोंबड्यांचं शेड होतं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दारात लोक न विचारता काहीही आणून टाकतात. मांज्यानं कापलेली घार, तारेला धडकलेला बगळा, सगळं मामांकडे यायचं. पाटोद्याहून एकानं खोक्यात घुबड घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. कंडक्टरनं खोक्याचंही तिकीट फाडलं. त्यानंतर कोणीही आलं की मामा सांगायचे, "हे आमचं रीतसर तिकिटावर आलेलं घुबड हाय."

औषध मात्र सगळ्यांना एकच. कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची, जंतू मारणारी पिवळी पावडर, म्हणजे अँटिबायोटिक. कोंबडी शिंकली की पावडर, नाही शिंकली तरी पावडर. घारीला चिमूटभर, शेळीला मूठभर. एकदा त्यांनी ती स्वतःच्या दुखऱ्या दाढेत दाबलेली मी पाहिली. मी रागावले की म्हणायचे, "काई होत न्हाई, औषधच हाय की." मामी आतून म्हणायच्या, "मला बी पाजली असती, पर चहा मी सोता करते."

मेलेल्या कोंबड्या ते शेडामागच्या उतारावर टाकत. तेवढंच घारींचं पोट भरतं, असा त्यांचा हिशेब.

मग विद्यापीठातली एक संशोधक मुलगी धरणावर आली. तिनं घारींची, बगळ्यांची, हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांची विष्ठा गोळा केली. पाटोद्याच्या डोंगरात वनखात्याला सापडलेल्या एका जखमी मोराचीही घेतली. काही महिन्यांनी ती परत आली आणि शेडाच्या ओट्यावर बसून तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. काचेच्या ताटलीत जंतू वाढवायचे, त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं उमटतं. सारखं औषध मिळत गेलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात; या पाखरांच्या जंतूंत बऱ्याच टिकल्यांभोवती कडंच नव्हतं. मोराच्याही नाही.

मामांनी फोटोवर बोट ठेवलं. "मोराला पावडर कोनी दिली?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "शेडातलं पाणी, दवाखान्यातलं सांडपाणी, गटारं, सगळ्यातून औषध आणि असे जंतू माती-पाण्यात जातात. पाखरं तिथंच खातात-पितात आणि पुढं उडून जातात."

"म्हंजी मी बी त्यात हाय."

"तुम्ही एकटे नाही, मामा."

"पर हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी पावडर बंद केली, शेडातली पोती गेली. कोंबड्यांची पुढची खेप अर्धी मेली. मामा मेलेल्या कोंबड्या आता उतारावर न टाकता खड्डे खणून चुन्यात पुरायला लागले. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "मामा, कोंबड्याचं दहावं कधी?" मामा म्हणायचे, "तुमीच या जेवायला." हसायचे, पण पूर्वीसारखं नाही.

पाखरं घेणं मात्र थांबलं नाही. मी जाड हातमोजे दिले होते. ते काढून ठेवायचे. "ह्यात हाड कुठं मोडलं ते कळत न्हाई."

एका घारीची नखी त्यांच्या तळहातात रुतली. साखरेचा आजार होताच. हात कोपरापर्यंत सुजला. बीडच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, मग दुसरं, मग संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की नेहमीचं एकही औषध लागू पडत नाही. जे एक औषध उरलंय, त्यानं मूत्रपिंडं जातील. जंतू नखीतून आला, शेडातून आला, की दवाखान्यातच लागला, हे त्यांना सांगता येईना.

मी आत गेले. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कडं उमटलं न्हाई ना?"

मी मान हलवली.

"एक बी न्हाई?"

"नाही, मामा."

मामा म्हणाले, "मला निदान डॉक्टर तरी हाय. डोंगरातलं पाखरू पडलं तर कुठं जाईल?"

हात कापला. तरी ताप उतरला नाही. मूत्रपिंडं गेली आणि मामा गेले.

तेराव्यानंतर मी पालीला गेले. शेड रिकामं होतं. मामींनी त्यांचे दोन सदरे आणि एक धोतर अंगणात दगडावर वेगळं काढून ठेवलं होतं. त्या जरा लांबच उभ्या होत्या.

"जाळू का ठिवू, म्याडम? पोरं म्हनत्यात जाळ. ह्याच्यात बी असंल का ते?"

"उकळत्या पाण्यात घाला. मग उन्हात वाळवा."

"मंग मला जवळ घेता येतील?"

"येतील."

त्यांनी तीन दगडांवर हंडा ठेवला, खाली काटक्या सारल्या. पाण्याला उकळी फुटल्यावर एकेक सदरा आत सोडला. मी निघाले तेव्हा मामी पदरानं तोंड झाकून, काठीनं सदरे पुन्हा पुन्हा पाण्याखाली दाबत होत्या.