शेगडी आणि खिडक्या

मुलांनो, माझे गुडघे चोळायला शिरगावच्या एक बाई येतात. तेलाची बाटली खाली ठेवण्याआधी त्या माझ्या सगळ्या खिडक्या उघडतात. मी कुरकुरले की म्हणतात, "थंडी वाजते तं शाल घ्या, बाय."

पूर्वी त्या बाळंतिणींना शेक द्यायच्या. खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च लावायच्या, ही त्यांची रीत. स्वतःच्या लेकीलाही त्यांनी तसाच शेक दिला. निखाऱ्यांचा वायू खोलीत कोंडला आणि लेक, तान्ही नात, दोघी बेशुद्ध पडल्या. शेजारी धावले म्हणून वाचल्या. त्यानंतर लेकीने आईला घरात घेतलं नाही.

परवा ती लेक बोईसरला पुन्हा बाळंत झाल्याचं कळलं. चोळता चोळता बाईंचा हात थांबला.

"बाय, तिला फोन लावा. शेगडी ठेवशील तं खिडकी उघडी ठेव, एवढंच सांगा. माजं नाव नका घेऊ."

मी तसंच सांगितलं.

"आईला सांगा, उघडीच हाय," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी निरोप दिला. बाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी माझा दुसरा गुडघा चोळायला घेतला.