सुमनताईंची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. सुमनताईंना सांगायला हवं होतं — त्या आता नाहीत.

सुमनताई म्हणजे आमच्या अंबरनाथमध्ये गच्च्यांवर सोलर पॅनल बसवणारी पहिली बाई. सुरुवातीला सोसायटीवाले विचारायचे, "मिस्त्री कुठाय?" ताई हातातला पाना दाखवायच्या — "मीच." बुवापाड्यातल्या आम्हा पाच मुलींना त्यांनी काम शिकवलं. मी दहावी नापास, घरी बसलेली. मला त्यांनी माणसात आणलं.

आणि मी काय केलं?

उल्हासनगरला एका पाच मजली इमारतीवर काम होतं. ताई खाली मीटरपाशी, वर मी एकटी. मे महिना — लोखंडाला हात लावला की चटका. शेवटच्या पॅनलचे चार बोल्ट मी नुसते हातानं फिरवले. ताईंचा फोन आला, "पान्यानं आवळलेस ना गं सगळे?"

"हो ताई."

सावलीत जायचं होतं मला. दुसरं काय?

आठवड्याभरात वादळ आलं. ते पॅनल उडून शेजारच्या गच्चीवर पडलं. तिथे एक सिंधी आजी वाळवलेले पापड गोळा करत होती. तिचं कमरेचं हाड मोडलं. ती पुन्हा कधी चालली नाही.

पोलीस आले. आजीचा मुलगा ओरडत होता, "औरतों को काम दिया, यही होना था!" ताईंनी मला बाजूला घेतलं. "खरं सांग, आवळले होतेस?"

"हो," मी म्हटलं. आणि वर म्हटलं, "तुम्ही तपासलं नव्हतं का?"

तपासणीच्या कागदावर सही त्यांची होती. माझ्या शब्दावर केलेली. त्या पोलिसांकडे वळल्या. "सही माझी आहे. जबाबदारी माझी." माझं नावसुद्धा घेतलं नाही.

मग कामं येईनात. मुली घरी बसल्या, एकीचं घाईघाईनं लग्न लावून टाकलं. ताई बदलापूरला, बेलवलीत भावाकडे राहायला गेल्या, ब्लाउज शिवू लागल्या. मला मात्र दुसरीकडे नोकरी लागली — ताईंनीच शब्द टाकला होता. आज मी सुपरवायझर आहे.

दर दिवाळीला फराळ घेऊन जायचे मी. मशीन थांबवून त्या म्हणायच्या, "एकदा वर जाऊन बघायला हवं होतं गं मी. त्या आजीचं आयुष्य माझ्यामुळे गेलं." दर वेळी मी काय म्हणायचे?

"जाऊ द्या ना ताई."

गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होत्या. समोर बसून मी तो देऊ दिला.